रुखवतातली नायलॉनची गोधडी

"गोधडीला किती दिवस लागतात हो?" असं मला अजूनही कोणी विचारलं की मी उलट विचारते, "कोणाच्या कपड्यांची?" समोरचा माणूस गोंधळतो. म्हातारीला कमी ऐकू येतं, असं समजून तोच प्रश्न मोठ्याने विचारतो. पण आमच्या कामात पहिला प्रश्न हाच असतो, लांबी-रुंदीचं नंतर बघतात. वडिलांच्या धोतराची गोधडी वेगळी, लेकराच्या झबल्या-टोपड्यांची वेगळी, आणि कारखान्यातून वजनावर आणलेल्या चिंध्यांची तर अगदीच वेगळी. तिन्हींना सारखेच दिवस लागले तरी मी एकच उत्तर देणार नाही.

लग्न होऊन मी सुरतेत आले ती साठ सालानंतर, बमरोलीच्या बाजूला. नवरा मागावर कामाला. घर म्हणजे एक खोली, पुढे ओटा. त्या ओट्यावर माझी सासू गोधड्या शिवायची. तिला मी आत्याबाई म्हणायचे. त्या खानदेशातल्या, घरात सगळा कारभार अहिराणीत. मी सातवी पास असल्यामुळे शुद्ध मराठी बोलायचे, आणि त्याचं त्यांना फार हसू यायचं. "विमल, तू पुस्तकगत बोलस," म्हणायच्या, आणि लगेच शेजारणीला माझी नक्कल करून दाखवायच्या. नक्कल इतकी हुबेहूब असायची की मलाच हसू आवरायचं नाही.

मी माहेरून एक गोधडी शिवून आणली होती. मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत चार मोर. आत्याबाईंनी ती उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "छान शे." मी हरखून गेले. चांगले सहा महिने मी त्या दोन शब्दांवर खूश होते. मग हळूहळू ओट्यावर बसून कानावर पडायला लागलं, तेव्हा कळलं की आमच्या गल्लीत गोधडीला छान म्हणणं ही नाव ठेवण्याची सभ्य रीत आहे. छान म्हणजे ट्रंकेत ठेवायची. पाहुणे आले की दाखवायची आणि ते गेले की परत डांबराच्या गोळ्यांत घालायची. जिच्याखाली कोणी झोपत नाही तिला गोधडी तरी का म्हणायचं, असा आत्याबाईंचा सवाल असायचा.

त्यांचे शब्द वेगळे होते. जाड, कडक कापड वर आलं की ती गोधडी "चावरी". आतले थर ओढले जाऊन कोपरे वर वळले की "रुसकी". हलक्या हाताने, लांब लांब टाके घालून उरकलेली ती "पळपुटी". आणि सगळं जमून आलं, म्हणजे कापड मऊ, थर एकमेकांत बसलेले, टाके दाट पण न काचणारे, की ती "झोपाळू". याच्या वरची पदवी नव्हती. मला ती पहिल्यांदा मिळायला चार वर्षं लागली, आणि तेव्हासुद्धा आत्याबाईंनी गोधडीकडे न बघता, पानाला चुना लावता लावता ती दिली.

गिऱ्हाईक गोधडी पुढून बघतं. आम्ही आधी उलटी करून पाठ बघायचो, कारण टाक्याची लबाडी पाठीवर दिसते. मग अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थर चिमटीत धरायचे. मग डोळे मिटून गालावरून फिरवायची. रंग सर्वांत शेवटी, आणि तोही बोलायचा म्हणून. एक शाळामास्तर आमच्याकडे आले होते, भेस्तानहून. त्यांना यातलं काही पटेना. "मी आधी झोपून बघतो," म्हणाले आणि रविवारच्या भर दुपारी आमच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत आडवे झाले. दिवेलागणीला उठले. चष्मा पुसत म्हणाले, "तशी बरी आहे, पण अजून खात्री वाटत नाही." आत्याबाई त्यांना दुसऱ्या रविवारी परत यायला सांगणार होत्या. मीच घाईने गोधडी बांधून त्यांच्या हातात दिली.

आता कापडाविषयी सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. गोधडी म्हणजे उरलेल्याचं काम. वर तुकडे जोडून केलेला थर, खाली अस्तर, मध्ये जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर, आणि सगळ्यांतून जाणारा धावदोरा. दोरा काठापासून सुरू करायचा आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवायचा. सुरतेत उरलेल्या कापडाला तोटा नव्हता. थान कापताना राहिलेले हात-दीड हात तुकडे, त्यांना फेंट म्हणत. त्याहून बारीक ती चिंधी. पण त्या दिवसांत मागावर सुती कमी आणि नायलॉन, नकली रेशीम असलं चकचकीत जास्त. चिंधीवाला व्यापारी मुठीत नायलॉन धरून झुळझुळ सोडून दाखवायचा. "ले जाव बेन, एक नंबर माल छे!" आत्याबाई त्याच्याकडून फक्त सुती उचलायच्या. नायलॉनला त्या हातसुद्धा लावायच्या नाहीत. ते निसरडं, त्यावर टाका टिकत नाही, घाम पीत नाही, आणि थंडीत लुगड्याला घासलं की चटचट ठिणग्या काढतं. "हाई कापड शे का मासोळी?" असं म्हणून त्या तराजूतून ते बाजूला काढायच्या.

अशात एक दिवस सुमतीबाई आल्या. अठवालाइन्समध्ये राहायच्या, यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मूळच्या नाशिककडच्या. त्यांच्या मुलीचं, शैलाचं, लग्न ठरलं होतं आणि रुखवतात मांडायला त्यांना गोधडी हवी होती. रुखवत म्हणजे मुलीच्या हातच्या वस्तूंचा देखावा. त्या हिशेबाने गोधडी शैलाने शिवायची, पण शैलाने आयुष्यात बटणसुद्धा लावलं नव्हतं. हे सुमतीबाईंनीच मला हसत हसत सांगितलं.

"गोधडी अशी हवी की मांडवात शिरल्या शिरल्या नजर तिच्यावर गेली पाहिजे," त्या म्हणाल्या. "सगळं चकचकीत. नायलॉनचं. आणि विमलबाई, एक सांगते. आत जुनेरं घालायची नाहीत. आमच्या घरचं एकही जुनं कापड मला त्यात नको."

आत्याबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्यामा झोपनार कोन?"

"आजी, रुखवत झोपण्यासाठी नसतं हो," सुमतीबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी हे काम घेणार नाही म्हणून सांगितलं. मी त्यांच्या पाठीमागे सुमतीबाईंना गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि हो म्हटलं. मला दाखवायचं होतं की आम्हाला नायलॉनसुद्धा वळवता येतं. सातवी पास माणसाला अशी खुमखुमी असते. आत्याबाईंना कळलंच. दोन दिवस त्या माझ्याशी फक्त मांजरामार्फत बोलल्या. "सांग तिले, भाकर व्हयी गई," असं मांजराला म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी शैला एकटी आली. वीस-एकवीसची, कॉलेजात शिकणारी, अर्धी वाक्यं गुजरातीत बोलणारी. पर्समधून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. आत हिरवं लुगडं होतं, डाळिंबी काठाचं, धुऊन धुऊन सायीइतकं मऊ झालेलं.

"आजीचं आहे. बाबांच्या आईचं," ती म्हणाली. "मागच्या वर्षी ती गेली. मी लहानपणापासून तिच्याजवळ झोपायचे. हे आत घालाल? आईला कळता कामा नये. आजीचं आणि आईचं... जाऊ दे. आईला तिची एकही वस्तू घरात नकोय."

मग हळूहळू तिने सांगितलं. आजीने सुनेला कधी धड वागवलं नव्हतं. शेवटची कितीतरी वर्षं दोघी एका घरात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. जेवायला चल, असं सांगायलासुद्धा मध्ये शैला लागायची. (मी नकळत आमच्या मांजराकडे बघितलं.) आजी गेल्यावर तिची दोन नेसूची लुगडी राहिली. एक शैलाने पुस्तकांच्या मागे लपवलं, ते हे. दुसरं आईने घेतलं.

आत्याबाईंनी लुगडं हातात घेतलं, गालाला लावलं, आणि मांजराला न विचारता सरळ माझ्याशी बोलल्या. "घाल."

मी घातलं. वर नायलॉनचे चौकोन, गुलाबी, मोरपिशी, लिंबोणी. खाली साधं पांढरं अस्तर. मध्ये आजीचं लुगडं दुहेरी घडी करून. नायलॉनने माझा जीव खाल्ला. टाका घालावा तर कापड सरकायचं, ओढून घ्यावं तर गोळा व्हायचं. पण जमलं. काठापासून मध्यापर्यंत दोरा आणून गाठ मारली तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते. लग्नाला आठवडा होता.

आणि मग मी ती चूक केली, जी फक्त गोधडीवालीच करेल. आमच्यात गोधडी पुरी झाली की तिला "बसवतात". पाण्याचा हात मारून वरून कोळशाची इस्त्री फिरवायची, म्हणजे थर एकमेकांत बसतात आणि टाके आत जातात. हे मी शेकडो वेळा केलेलं. हाताला सवयच होती. मी पाणी शिंपडलं, इस्त्री उचलली आणि बरोबर मधोमध टेकवली.

चर्रर्र असा आवाज आला. इस्त्री उचलली तर तिच्याबरोबर गुलाबी नायलॉनही वर आलं, चिकाच्या तारा सोडत. गोधडीच्या मध्यावर इस्त्रीच्या आकाराचं भोक. कडा वितळून काळ्या, कडक. आणि भोकातून आजीचं हिरवं लुगडं, थोडं पिवळसर झालेलं पण धड, वर बघतंय.

आत्याबाई आल्या, बघितलं, वास घेतला. "तुले सांगेल व्हतं ना मी!" एवढंच म्हणतील असं वाटलं. पण त्या आधी पोटभर हसल्या. इतक्या की ओट्याच्या खांबाला धरावं लागलं. मग डोळे पुसले आणि तेच म्हणाल्या. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता, हे खरं सांगते.

मी लगेच गुलाबी तुकडा बदलायचं ठरवलं. तुकड्यांचीच गोधडी ती, एक तुकडा काढून दुसरा लावला तर परमेश्वरालाही कळलं नसतं. कडक कडा कापून टाकल्या आणि ठिगळ बेतायला घेतलं, तेवढ्यात शैला आली. गोधडी पुरी झाली का ते बघायला. मी झाकायच्या आत तिने बघितलं. रडेल असं वाटलं. तिने भोकातून हात घालून लुगड्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हे असंच ठेवा ना," ती म्हणाली. "फक्त कडा मुडपून घ्या. लपून कशाला जायचं तिने माझ्याबरोबर?"

"अगं पोरी, तुझी आई मला फाडून खाईल. आणि तुझं काय होईल? लग्नघरात तमाशा होईल."

"होऊ दे."

"पोर सांगस तसं कर," आत्याबाई म्हणाल्या.

मी दोघींना पुष्कळ समजावलं. भीती माझ्या नावाची होती, खोटं कशाला बोलू. अठवालाइन्समधलं ते आमचं पहिलं गिऱ्हाईक. तिथे नाव गेलं असतं तर त्या बाजूची एक बाई पुन्हा आमच्या ओट्यावर चढली नसती. पण त्याहून जास्त मला त्या पोरीची काळजी वाटत होती. सुमतीबाईंनी रागाच्या भरात गोधडी ठेवून घेतली तर हेही लुगडं जायचं. शेवटी मी कडा आत वळवून बारीक टाक्यांनी शिवल्या. चकचकीत नायलॉनच्या मधोमध, इस्त्रीच्या आकाराची हिरवी खिडकी राहिली.

गोधडी पोचवायला मीच गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. नेमक्या चार-पाच जणी सुमतीबाईंच्या भोवती होत्या. "अगं, शैलाने शिवलेली गोधडी आली," असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर ती उलगडली.

मी सुमतीबाईंच्या तोंडाकडे बघत होते. हिरव्यावर नजर पडली आणि त्या थांबल्या. त्यांनी ओळखलं. ओळखणारच. ज्या लुगड्याशी इतकी वर्षं अबोला धरला ते त्यांना अंधारातही ओळखू आलं असतं. शैला दारात उभी होती, पांढरीफटक. एक पाहुणी म्हणाली, "हे मध्येच काय गं? नवीन फॅशन का?"

सुमतीबाईंनी एकदा लेकीकडे बघितलं. "हो, हल्ली असंच करतात," म्हणाल्या. आणि गोधडीची चौघडी केली, मधला भाग आत जाईल अशी. मला चहा दिला. चहात साखर घालायला विसरल्या होत्या, मी तसाच प्यायले.

लग्नात मी मुद्दाम रुखवत बघून आले. गोधडी चौघडीतच मांडली होती, वरच्या घडीवर मोरपिशी आणि लिंबोणी चमकत होतं. वरपक्षाच्या बायका वाखाणत होत्या. छान आहे, छान आहे, असंच सगळ्या म्हणत होत्या. पाठवणीच्या वेळी ती शैलाच्या सामानात गेली. मी ती टांग्यात चढेपर्यंत डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कुठे घरी आले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सुमतीबाई आमच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता काय ते ऐकून घ्यायचं. त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं. विटकरी रंगाचं, जागोजाग विरलेलं, पण धुऊन, उकळून, इस्त्री करून आणलेलं.

"दुसरं लुगडं," त्या म्हणाल्या. "त्या गेल्या, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते फाडलं आणि पोतेरं केलं. वर्षभर रोज त्याने फरशी पुसली. मोलकरणीला हात लावू दिला नाही, मीच पुसायचे. रोज वाटायचं, आता बरं वाटेल." त्यांनी फडकं उलगडलं. "त्या पोरीने आजीला मध्यावर बसवून नेलं. आणि माझ्याकडे हे एवढंच उरलंय. माझ्यासाठी एक शिवून द्याल? नायलॉन नको."

मी आत्याबाईंकडे बघितलं, कारण हे माझ्या हातातलं नव्हतं. आमच्यात सगळं चालतं. फाटकं चालतं, डागाळलेलं चालतं, मेलेल्या माणसाचं तर मुद्दाम घेतात. एक पोतेरं तेवढं चालत नाही. आत्याबाईंनी उभ्या जन्मात ते घेतलं नव्हतं.

"जमीनले लागेल कापड आंगवर चालस नही, बाई," त्या म्हणाल्या.

सुमतीबाईंनी मान हलवली. अहिराणी कळली नसेल, पण नकार कळला. त्यांनी फडक्याची घडी घालायला घेतली. घडी काही केल्या नीट येईना. एवढी मोठी बँकवाल्याची बायको, नवरीची आई, आमच्या ओट्यापुढे फडक्याची घडी घालत उभी. मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवलं.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "पुसे कोन?"

"मीच पुसायचे, आजी."

"हातमा धरीसन?"

"हातात धरूनच. दुसरं कसं पुसणार?"

"रोज?"

"रोज."

आत्याबाईंनी हात पुढे केला. "मंग जमीनपेक्षा तुन्हा हातलेज जास्ती लागेल शे. आन इकडे."

सुमतीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, "त्या म्हणतात, हे फरशीपेक्षा तुमच्या हातालाच जास्त लागलेलं आहे."

तेव्हा त्या बाई ओट्याच्या कडेवर बसल्या आणि रडल्या, अगदी मोठ्याने. गल्लीतल्या बायका दारात आल्या. आत्याबाईंनी कोणालाच हटकलं नाही. रडून झाल्यावर आत्याबाईंनी अस्तर पसरलं, त्यावर विटकरी कापड घातलं, सुईत दोरा ओवला आणि सुई सुमतीबाईंच्या हातात दिली. सुमतीबाईंनी पहिला टाका घातला. चांगलाच लांब आणि वाकडा पडला. माझा असा टाका आत्याबाईंनी जागच्या जागी उसवला असता. हा त्यांनी तसाच राहू दिला, आणि पुढचा दोरा ओवायला घेतला.